उसाच्या ट्रॉल्या ओढायला पहिल्यांदाच निघताय? बॉयलर पेटायच्या आधी हे वाचा

दसरा तोंडावर आला की आमच्या माजलगाव भागात ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या रात्री उशिरापर्यंत उडत असतात. कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला असतो, तोडणीची माणसं आणणाऱ्या मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) देऊन झालेली असते आणि घरातलं एखादं विशीतलं पोरगं ड्रायव्हर म्हणून तयार असतं. त्याला नांगरट येते, रोटाव्हेटर येतो, पेरणी येते. पण भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन डांबरीवर चालणं हे निराळं काम आहे आणि ते सहसा कुणी बसवून शिकवत नाही. मी अकरा सीझन ऊस वाहिला. त्यातल्या पहिल्या दोन सीझनमध्ये जे चुकलं, ते तुमचं चुकू नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक हिशेब डोक्यात बसवा. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. मागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा ते वीस टन ऊस असतो, ट्रॉल्यांचं लोखंड वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात आणि ट्रॅक्टरचा ब्रेक लागतो तो फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणजे एवढं सगळं वजन थांबवायचं काम दोन चाकं करतात. ट्रॅक्टर किती ओढतो हे गावात सगळे सांगतील. तो किती वजन थांबवू शकतो, हे तुम्ही स्वतःला विचारायचं.

१. कागद: एका प्लास्टिकच्या पाकिटात, सीटखालच्या पेटीत

- ट्रॅक्टरची आरसी आणि प्रत्येक ट्रॉलीची वेगळी आरसी
- ट्रॅक्टरचा विमा आणि ट्रॉल्यांचा विमा
- ड्रायव्हरचं लायसन्स
- पीयूसी, आणि वाहतुकीची नोंद असेल तर फिटनेस
- कारखान्याच्या कराराची प्रत

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे. तिचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर लिहिलेला हवा आणि जो ट्रॅक्टर ती ओढतोय त्याचा नंबर ट्रॉलीवर हवा. पुष्कळ जण दुसरं विसरतात. शेजाऱ्याची ट्रॉली चार दिवसांसाठी आणली तरी हा नियम सुटत नाही.

वर्कशॉपमधून नवी ट्रॉली घेताना भावाची घासाघीस करण्याआधी पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या नोंदणीचं विचारा. पक्कं बिल आणि चेसिस नंबर मिळणार का, हे पैसे देण्याआधी स्पष्ट करून घ्या. स्वस्तात मिळालेली बिनकागदाची ट्रॉली अपघात झाला की फार महाग पडते.

विम्याची पॉलिसी घरी घेऊन या आणि वाचा. त्यावर वापर ‘शेतीसाठी’ लिहिलाय की ‘किरायाने वाहतुकीसाठी’ हे बघा. शेतीपुरती पॉलिसी असेल आणि अपघात किरायाच्या खेपेला झाला, तर भरपाईवरून वाद ठरलेला.

आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात स्टेअरिंग नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवलं तर पालक किंवा मालक जबाबदार धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गावात ‘पोरगं चांगलं चालवतंय’ म्हणून कौतुक होतं, पण रात्री दोन वाजता झोपेच्या गुंगीत असलेल्या सोळा वर्षांच्या लेकराला वीस टन सांभाळायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

२. सामान

जड जॅक, दोन मोठे लाकडी ठोकळे (दगडावर भागवू नका, तो सटकतो), जादा पिना आणि क्लिपा, ग्रीसगन, टायरच्या मापाचा पाना, हवा मोजायचा गेज, चांगली हातबॅटरी (टॉर्च), लाल रेडियमचे (उजेड पडला की चमकणाऱ्या पट्टीचे) दोन त्रिकोण, जादा बल्ब आणि वायर, जाड साखळी. एवढं पेटीत असल्याशिवाय पहिली खेप काढू नका.

३. जोडणी: इथे घाई करायची नाही

ट्रॉली जोडायची ती कंपनीने त्यासाठी दिलेल्या हुकालाच. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) जागी किंवा मागच्या एक्सलच्या वर कुठेही ट्रॉलीची दांडी अडकवू नका. ओढ जितकी वर, तितकी ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला बघतात. एकदा तोंड वर गेलं की ट्रॅक्टर मागे उलथायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात माणूस क्लच दाबू शकत नाही आणि उडीही मारू शकत नाही.

क्रम असा ठेवा. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. दांडी जॅकवर हुकाच्या उंचीला आणा. सोबत्याला बाजूला, तुम्हाला दिसेल असा उभा करा. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे कुणीही नको. ट्रॅक्टर हळू मागे घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि मग खाली उतरून पिन घाला. भोकं जुळली का हे बोट घालून बघायचं नाही. बोटं तुटलेली माणसं आमच्याच गावात तीन आहेत.

पिन घातली की खालून क्लिप. मग साखळी: दांडीच्या खालून फुलीसारखी आडवीतिडवी नेऊन दोन्ही बाजूंना अडकवायची. वळताना ताण येणार नाही इतकी ढिली, पण रस्त्याला घासणार नाही इतकी आवळ. पिन निघालीच तर दांडी जमिनीत घुसण्याऐवजी साखळीच्या झोळीत पडते. दोन्ही ट्रॉल्यांच्या मधेही हेच करायचं.

हे मी इतकं बारीक का सांगतोय? माझा दुसरा सीझन होता. पहाटे तीनचा सुमार, अंगावर घोंगडी, तेलगावच्या अलीकडचा एक चढ. एकदम ट्रॅक्टर हलका झाला. इतका हलका, की मला आधी वाटलं, गिअरच सुटला. मागे वळून पाहिलं तर मागची ट्रॉली अंधारात मागे मागे चालली होती. आवाज काही नाही, फक्त उसाची सळसळ. तीसेक फूट गेली आणि चारीत आडवी झाली. सकाळी पिन सापडली. ती मधोमध झिजून बोटाएवढी बारीक झाली होती, जणू तिला कंबर आली होती, आणि तिथेच तुटली होती. क्लिपच्या जागी मी बाइंडिंग वायर गुंडाळली होती. मागून त्या वेळी कुणी मोटरसायकलवर येत नव्हतं, एवढंच माझं नशीब. त्या दिवसापासून दर आठवड्याला पिन बाहेर काढून पुसतो आणि मधल्या भागावरून अंगठा फिरवतो. खाच लागली की पिन भंगारात. नवी पिन डिझेलच्या दोन-तीन लिटरच्या भावात मिळते.

४. भरताना नजर तुमची हवी

ऊसतोडीची टोळी मोळ्या भरते तेव्हा ड्रायव्हर सहसा बांधावर झोपलेला असतो. झोप गरजेची आहे, मान्य. पण पहिले दोन थर आणि शेवटचा थर भरताना उठून बघा. ऊस एका बाजूला चढत गेला तर पहिल्याच वळणावर किंवा साइडपट्टीवर ट्रॉली कलंडते. टोळीतल्या ताईंना, दादांना तसं सांगितलं की ते लगेच सरळ करतात, राग मानत नाहीत.

दोनचाकी ट्रॉली असेल तर वजन किंचित पुढे झुकतं असावं, म्हणजे दांडीचा दाब हुकावर राहतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. वजन मागे गेलं तर ट्रॉली दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि तुमचा आधीच अपुरा असलेला ब्रेक आणखी अपुरा पडतो. उलट टोकही वाईट: फार पुढे भरलं तर स्टेअरिंग हलकं लागतं. पुढच्या बंपरला लोखंडी वजनं लावलेली असू द्या.

भार झाला की साखळीने किंवा वायररोपने आवळा, अर्धा किलोमीटर चाला, थांबा आणि पुन्हा आवळा. ऊस बसतो आणि बांधणी ढिली पडते. बाजूला लोंबणारी टिपरी तोडून टाका. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीवर ती येतात. कायद्यातही बाजूला बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. जादा वजनाला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. एका खेपेत दोन टन जास्त घालून मिळणारे पैसे आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडून बघा.

५. रानातून डांबरीवर

आपली काळी रानं. कॅनॉलला पाणी सुटलं की बांधाकडेची माती लोण्यासारखी होते. भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या एकदम काढायचा हट्ट करू नका. एकेक बाहेर काढा, सपाट जागी उभी करा, ठोकळे लावा आणि रस्त्याकडेला जोडा. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

रुतलाच तर:

- गिअर टाकून जोर देत राहू नका. चाक जितकं खोल जाईल, तितका पुढचा भाग उचलायचा धोका.
- मागच्या चाकांना लाकूड किंवा पहार बांधून काढायचा प्रकार अजिबात नको. चाक अडलं की चाकाऐवजी अख्खा ट्रॅक्टर फिरतो.
- मागच्या बाजूने निघतोय का ते बघा, नाहीतर ट्रॉली सोडून आधी ट्रॅक्टर मोकळा करा.
- दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन करणार (ओढून काढणार) असाल तर साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस नको. तुटलेली साखळी किंवा वायररोप झपकन माघारी येतो आणि त्याच्या वाटेत येईल त्याला घेऊन जातो. बघ्यांना, विशेषतः लेकरांना, आधी लांब करा.

६. रस्त्यावर

रानात ट्रॅक्टर वळवायला आपण डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबतो. डांबरीवर चढायच्या आधी दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावा. ती न लावता जोरात ब्रेक दाबला आणि पाय एकाच पेडलावर पडला, तर एक चाक अडतं, ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो आणि मागचा वीस टनांचा भार त्याला ढकलत नेतो. नवीन ड्रायव्हरांच्या हातून उलटलेल्या ट्रॅक्टरांत हे कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ही पट्टी लावायला एक सेकंद लागतो.

वेग वीसच्या आसपास ठेवा. ताशी २० किलोमीटरला तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता, ४० ला अकरा मीटर. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. वळणाच्या, गतिरोधकाच्या आणि गावाच्या आधी वेग सरळ रस्त्यावरच कमी करा. वळणात ब्रेक दाबला की ट्रॉली मागून ट्रॅक्टरला रेटते आणि दोन्हीची घडी होते.

वळताना मागची ट्रॉली तुमच्या चाकोरीतून येत नाही, आतून कापून येते. माजलगावच्या किंवा केजच्या बाजारातलं कोपऱ्यावरचं वळण घेताना हे लक्षात ठेवा. आतल्या बाजूला उभी असलेली मोटरसायकल, हातगाडी, म्हातारं माणूस आधी बघा आणि वळण रुंद घ्या.

मोठ्या आवाजात गाणी लावायची जी पद्धत पडली आहे, ती सोडा. मागच्या बेअरिंगचा कुरकुर आवाज, टायरची फट्ट, मागून ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न, सगळं त्या आवाजात बुडतं. ट्रॉलीचं काय चाललंय हे ड्रायव्हरला मुख्यतः कानाने कळतं.

७. घाट आणि उतार

धारूरचा घाट ज्याने भरल्या ट्रॉल्या घेऊन उतरलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. ज्याने उतरला नाही त्याने पहिल्यांदा तो रिकाम्या ट्रॉलीने, दिवसा, जाणत्या ड्रायव्हरला शेजारून चालायला लावून बघावा. जमत असेल तर भरली खेप लांबच्या पण सपाट रस्त्याने न्यावी. मांजरसुंब्याच्या घाटात रस्ता मोठा आहे, पण तिथे मागून येणाऱ्या ट्रकांचा वेगही मोठा असतो.

उतार सुरू व्हायच्या आधी थांबा. ब्रेकची पट्टी बघा, दोन्ही पिना बघा. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. लो गिअर टाकायचा तर वर, उभ्या ट्रॅक्टरवर टाका. उताराला लागल्यावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर तुम्ही न्यूट्रलमध्ये आहात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा क्लच दाबून सोडून देणं म्हणजे इंजिनाचा अडसर काढून टाकणं. मग उरतो फक्त ब्रेक, आणि तो तापला की पेडल दाबूनही काही होत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा.

चढावर तोंड उचलतंय असं वाटलं तर रेस वाढवू नका आणि क्लच झटक्याने सोडू नका. थांबून एक ट्रॉली सोडा आणि दोन फेऱ्या करा.

८. मागे घेणं

दोन ट्रॉल्या जोडून रिव्हर्स घ्यायचा नाही. एक ट्रॉली घेता येते, पण शिकावं लागतं. ट्रॉलीचा मागचा भाग डावीकडे न्यायचा तर स्टेअरिंग आधी उजवीकडे, आणि ट्रॉली वळायला लागली की तिच्या मागोमाग सरळ करत यायचं. खळ्यावर रिकामी ट्रॉली घेऊन दोन दिवस हाच सराव करा. घडी पडायला लागली की पुढे घेऊन सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा.

९. अंधार

या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा.

माझा चुलतभाऊ रात्री नऊच्या सुमारास मोटरसायकलवर घरी येत होता. रस्त्यात टायर फुटलेली एक ट्रॉली उभी होती. ना दिवा, ना रेडियम. ऊस भरलेल्या ट्रॉलीची मागची बाजू रात्री कशी दिसते माहीत आहे का? दिसतच नाही. वाळलेल्या पाचटाचा रंग आणि अंधार एक होतो, समोरून एखादी गाडी आली की डोळे दिपतात आणि मग काहीच उरत नाही. तो वाचला, पण त्याचा एक पाय आजही गुडघ्यात वाकत नाही. त्या ट्रॉलीचा ड्रायव्हर पंक्चरवाल्याला शोधायला गेला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्याकडे दोनशे रुपयांचं रेडियम नव्हतं.

- ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळं आणि समोर पांढरं रेडियम. मागच्या ट्रॉलीला मागून पूर्ण रुंदीभर लावा, म्हणजे येणाऱ्याला आकार कळतो.
- उसाची टिपरी रेडियमवर लोंबत असतील तर ते नसल्यासारखंच आहे. धूळ आणि चिखल दर खेपेला फडक्याने पुसा. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंतच्या वेळात हेच करतो.
- मागच्या ट्रॉलीचे दिवे आणि इंडिकेटर ट्रॅक्टरच्या सॉकेटला जोडलेले हवेत. वायर दांडीवर बांधा, वळणात तुटणार नाही इतकी ढिली ठेवा.
- शेतात काम करायचा मागचा पांढरा दिवा डांबरीवर बंद. मागून येणाऱ्याला तो समोरून येणारी गाडी वाटतो.
- बंद पडलात तर आधी रस्त्याच्या खाली घ्यायचा प्रयत्न करा. जमलं नाही तर एक त्रिकोण जवळ आणि एक पन्नास पावलं मागे ठेवा. वळण असेल तर वळणाच्याही पलीकडे. सोबत्याला बॅटरी देऊन रस्त्याच्या बाजूला, मातीवर उभं करा. ट्रॉली सोडून दोघांनीही जायचं नाही.
- नाइलाजाने चाकाला दगड लावलेच असतील तर निघताना ते उचलून बाजूला टाका. रस्त्यावर राहिलेल्या दगडाने नंतर कुणाचा तरी घात होतो.

अपघात झालाच, तुमचा किंवा दुसऱ्याचा, तर १०८ ला अँब्युलन्ससाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. पळून जाऊ नका.

१०. ट्रॉलीवर माणसं

टोळ्या गाव सोडतात तेव्हा एकाच ट्रॉलीत संसार, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि लेकरं असतात. ही माणसं आपल्याच बीड, जालना, परभणीची आहेत, आणि त्यांना नेताना उसापेक्षा जास्त जपून नेलं पाहिजे. त्यांच्यासाठी टेम्पो किंवा बस करायला मुकादमाला भाग पाडा. किराया वाटून घेतला तर फार येत नाही. भरलेल्या उसावर आणि दांडीवर तर कुणालाही बसू देऊ नका, अगदी काट्यापर्यंतसुद्धा. मडगार्डवर बसलेला माणूस खड्ड्यात उडाला की थेट चाकाखाली जातो, आणि विमा कंपनी त्याचं नाव ऐकूनही घेत नाही.

११. कारखान्याच्या आवारात

इथे वेग नसतो म्हणून माणूस गाफील होतो. रात्रभर रांगेत ट्रॅक्टर पुढे-पुढे सरकत असतात आणि दोन ट्रॉल्यांच्या मधल्या सावलीत माणसं झोपलेली असतात. नंबर आला की चालू करण्याआधी खाली उतरा, ट्रॉल्यांच्या भोवती एक फेरी मारा, चाकांखाली बॅटरी टाका आणि दोनदा हॉर्न द्या. तुम्हालाही झोपायचं असेल तर ट्रॅक्टरपासून लांब, शेडजवळ झोपा. सलग दोन रात्री जागून तिसरी खेप काढू नका. गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात तिथे, क्रेन ऊस उचलत असताना ट्रॉलीपासून दूर उभे राहा.

१२. पट्टा पडल्यावर (सीझन संपल्यावर)

ट्रॉल्या धुवा, दांडीच्या वेल्डिंगला कुठे केस (बारीक चीर) गेलेला दिसतोय का ते उन्हात बघा. बेअरिंग उघडून ग्रीस बदला. चाकं जमिनीवरून उचलून ठोकळ्यांवर ठेवा आणि टायरवर पोतं टाका. पिना तेलाच्या डब्यात बुडवून ठेवा. पुढच्या दसऱ्याला डबा उघडला की आधी त्यांच्यावरून अंगठा फिरवा.